‘मॅथेमॅटिक्स’ आणि ‘मंथन’: गणिताच्या नावांविषयी वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात ‘मॅथेमॅटिक्स’ या शब्दावर एक छोटी चौकट छापली होती: मूळ ग्रीक, अर्थ ‘शिकण्याची गोष्ट’. त्यावर बरीच पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र करून त्यांची उत्तरं देत आहोत.

प्रश्न : काही ठिकाणी मॅथेमॅटिक्सचा मूळ अर्थ ‘ज्ञान’ दिलेला असतो, तुम्ही ‘शिकण्याची गोष्ट’ म्हणता. नेमकं काय? आणि यात आकड्यांचा, मोजण्याचा उल्लेख कसा नाही?

उत्तर : ‘शिकणे’ हा मूळ अर्थ, ‘ज्ञान’ हा त्यातून पुढे निघालेला. ग्रीक क्रियापद आहे ‘मान्थानेइन’, म्हणजे शिकणे, उमजणे. त्यातला धातू ‘मथ्’. त्यावरून ‘माथेमा’ हे नाम झालं: जे शिकलं किंवा जे शिकायचं ते, धडा किंवा विषय. शेवटचा ‘-मा’ हा प्रत्यय म्हणजे ‘कर्मन्’, ‘जन्मन्’ या संस्कृत शब्दांतल्या ‘-मन्’चा सख्खा भाऊ. माथेमा हा शब्द विभक्तीत चालवला की त्याच्या अंगातला लपलेला ‘त’ बाहेर येतो. षष्ठी होते ‘माथेमातोस’. या अंगाला ‘-इकोस’ लागून ‘माथेमातिकोस’ हे विशेषण तयार होतं. इंग्रजी शब्दात मधेच उगवणारा ‘ट’ तो हाच.

आकड्यांचा उल्लेख नाही, कारण हा शब्द सुरुवातीला आकड्यांच्या विषयासाठी नव्हताच. कोणताही शिकायचा विषय म्हणजे माथेमा. अर्थ आकसत गेला तो इ.स.पू. ५व्या आणि ४थ्या शतकांत. पायथागोरसच्या अनुयायांमध्ये दोन गट सांगितले जातात: नुसती वचनं ऐकून पाळणारे ‘आकूस्मातिकोइ’ आणि विषयाच्या खोलात शिरून शिकणारे ‘माथेमातिकोइ’. त्याच परंपरेतल्या आर्किटासच्या लेखनात भूमिती, संख्या, खगोल आणि संगीत असे विषय एका माळेत येतात आणि ते जाणणाऱ्यांना तो ‘माथेमातांशी संबंधित लोक’ म्हणतो (माथेमाता हे माथेमाचं अनेकवचन). प्लेटोने ‘लॉज’ (म्हणजे ‘कायदे’) या संवादात स्वतंत्र नागरिकांसाठी तीन माथेमाता नेमून दिले: गणना, मापन आणि ग्रहताऱ्यांच्या गती. ॲरिस्टॉटलपर्यंत येता येता शब्द या विषयांवर पक्का बसला होता.

मग वक्तृत्व, काव्य हेही शिकायचेच विषय होते, त्यांना हे नाव का चिकटलं नाही? हा प्रश्न प्राचीनांनाही पडला होता. इ.स. ३ऱ्या शतकातल्या अनातोलिउसच्या नावावर एक उत्तर मिळतं. ॲरिस्टॉटलच्या परंपरेतले लोक म्हणत की वक्तृत्व, काव्य आणि लोकांमधलं संगीत न शिकलेल्या माणसालाही समजतं. पण भूमिती, खगोल असे विषय आधी रीतसर शिकल्याशिवाय कुणालाच कळत नाहीत, म्हणून ‘शिकायचे विषय’ हे नाव त्यांनाच राहिलं. शब्दाचा इतिहास म्हणून हे उत्तर थोडं मागाहून सुचलेलं वाटतं, पण ज्याने वर्गात एक तास बुडवला आणि पुढचे चार तास काही कळलं नाही, त्याला ते पटेल.

आजच्या ग्रीक भाषेत जुना अर्थ जिवंत आहे. तिथे ‘माथिमा’ म्हणजे शाळेतला धडा किंवा तास, ‘माथितिस’ म्हणजे विद्यार्थी आणि ‘माथिमातिका’ म्हणजे गणित. तिथल्या मुलांना इतिहासाचाही माथिमा असतो.

प्रश्न : ‘मॅथेमॅटिक्स’ हा शब्द संस्कृत ‘मंथन’वरून आला, असा मजकूर समाजमाध्यमांवर फिरतो आहे. ग्रीकमध्ये ‘मान्थान’ आणि आपल्याकडे ‘मन्थन’, इतकं साम्य योगायोगाने येईल का?

उत्तर : येईल आणि आलं आहे. मात्र हा दावा हसून उडवण्यासारखा नाही, कारण साम्य वरवर दिसतं त्याहूनही जास्त आहे. ग्रीकमध्ये ‘मथ्’ आणि ‘मान्थ’ अशी दोन्ही रूपं आहेत. संस्कृतातही ‘मथति’ आणि ‘मन्थति’ दोन्ही आहेत. बुद्धीचं घुसळणं म्हणजे विचार, हा अर्थही जुळवता येतो. म्हणून पायरीपायरीने तपासू.

पहिली पायरी: शब्दाचे जोड सुटे करायचे. ‘मान्थानेइन’मधला पहिला ‘न’ धातूचा नाही. तो फक्त वर्तमानकाळाच्या अंगावरून बनणाऱ्या रूपांत मधे घुसतो आणि साध्या भूतकाळात गळून पडतो. होमरच्या इलियडमध्ये सहाव्या सर्गात हेक्टर सांगतो की शूर असायला आणि पुढच्या फळीत लढायला मी शिकलो आहे. तिथे रूप आहे ‘माथोन’, मधल्या ‘न’शिवाय (शेवटचा ‘न’ प्रत्ययाचा). ज्यांनी शाळेत संस्कृत घेतलं होतं त्यांना ही चाल ओळखीची वाटेल: मुच् पण मुञ्चति, सिच् पण सिञ्चति, विद् पण विन्दति. दुसरा ‘-आन’ आणि शेवटचा ‘-एइन’ हेही प्रत्ययच. ‘मंथन’मधला ‘अन’ हा तर नाम बनवणारा वेगळाच प्रत्यय आहे (गमन, पठन, मंथन). म्हणजे ‘मान्थान’ आणि ‘मन्थन’ यांतलं निम्मं साम्य प्रत्ययांचं आहे आणि ते प्रत्यय एकमेकांचे नव्हेत. तुलना करायला उरतात फक्त दोन धातू: ग्रीक मथ् आणि संस्कृत मथ्/मन्थ्.

दुसरी पायरी निर्णायक आहे. ग्रीक आणि संस्कृत या भाषा एकाच कुळातल्या असल्याने त्यांचे ध्वनी ठरावीक नियमाने जुळतात, आणि तो नियम ‘सारखा आवाज म्हणजे सारखा ध्वनी’ असा नसतो. ग्रीक ‘थ’समोर संस्कृतात ‘ध’ येतो. पाहा: मधु आणि मेथु (मद्य), धूम आणि थुमोस (ग्रीकमध्ये त्याचा अर्थ मनाची उसळी असा झाला), रुधिर आणि एरुथ्रोस (लाल), दधामि आणि तिथेमि (ठेवतो). उलट संस्कृत ‘थ’समोर ग्रीकमध्ये साधा ‘त’ मिळतो: पृथु आणि प्लातुस (रुंद), पन्थाः आणि पोन्तोस (समुद्र, म्हणजे जलमार्ग), स्था आणि हिस्तेमि (उभं करणे).

आता हा नियम लावा. संस्कृत मन्थ् जर ग्रीकमध्ये वारशाने गेला असता, तर तिथे ‘त’ दिसायला हवा होता. दिसतो ‘थ’. दोन्ही शब्द आज सारखे ऐकू येतात, हाच या दाव्याविरुद्धचा पुरावा आहे. घुसळण्याच्या मन्थ्चे खरे नातेवाईक शोधायचे तर लिथुआनियन भाषेत जावं लागतं. तिथे रवीला ‘मेन्तुरिस’ म्हणतात. त्यात ‘त’ आहे, जसा असायला हवा तसा.

वारसा नाही, उसना घेतला असेल, असं कुणी म्हणेल. पण धातू होमरपासून ग्रीकमध्ये आहे, त्याची भूतकाळी रूपं जुन्या वळणाची आहेत आणि अर्थ पहिल्यापासून ‘शिकणे’ हाच आहे. घुसळणे या अर्थाने तो कुठे येत नाही. उसना शब्द असा घरच्यासारखा चालत नाही.

मग संस्कृतात या मथ्चं कुणीच नाही का? आहे, असं अनेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. ग्रीक ‘थ’समोर ‘ध’ हवा, आणि अर्थ बुद्धीच्या जवळचा हवा. तसा शब्द आहे ‘मेधा’. मनवाचक शब्द आणि ‘धा’ (ठेवणे) यांच्या जोडातून तो झाला, म्हणजे ‘मन ठेवणे, मन लावणे’. अवेस्ता या पारशांच्या धर्मग्रंथातल्या ‘अहुर मज्दा’ या देवाच्या नावामधला ‘मज्दा’ हाच शब्द. ग्रीक मथ् याच जोडाचं रूप असण्याची शक्यता बरीच आहे. तसं असेल तर मॅथेमॅटिक्सच्या नात्यात मेधा, मन, मती हे सगळे येतात, पण मंथन बाहेरच राहतं.

असा कुठलाही दावा समोर आला तर आधी आजचं इंग्रजी स्पेलिंग बाजूला ठेवा आणि सर्वांत जुनं सापडणारं रूप घ्या. मग प्रत्यय सोडवा. मग तोच ध्वनिबदल दाखवणाऱ्या आणखी निदान तीन जोड्या मागा. दाव्याच्या बाजूने एकच जोडी असेल तर तो नियम नव्हे.

प्रश्न : म्हणजे गणितातले शब्द आपण ग्रीकांना दिले की त्यांनी आपल्याला?

उत्तर : दोन्हीकडून गेले आणि आले, आणि जिथे खरी देवघेव झाली तिथे ती लपत नाही. वर्तुळाचं ‘केंद्र’ हे ग्रीक ‘केन्त्रोन’. त्याचा अर्थ टोचणी, म्हणजे कंपासचं रुतवायचं टोक. अंशाच्या साठाव्या भागाला जुन्या ज्योतिषग्रंथांत ‘लिप्ता’ म्हणतात, ते ग्रीक ‘लेप्तोन’. ‘होरा’ (तास) हा ग्रीक ‘होरा’च, आणि कुंडलीतलं सातवं स्थान ‘जामित्र’ म्हणजे ‘दिआमेत्रोस’, व्यास. हे शब्द इसवीसनाच्या पहिल्या काही शतकांत ग्रीक ज्योतिषाबरोबर आले. त्यांना संस्कृतात धातू नाही, विषय मर्यादित आहे आणि रूप जवळजवळ जसंच्या तसं आहे. उसना शब्द ओळखायचा तो असा. उलट दिशेने, ग्रीकांकडे नव्हे पण अरबीमार्गे लॅटिनमध्ये, काय गेलं ते खाली ‘ज्या’च्या उत्तरात पाहा.

प्रश्न : मॅथेमॅटिक्सच्या शेवटी ‘स’ का? ते अनेकवचन आहे का?

उत्तर : रूप अनेकवचनाचं, वागणूक एकवचनाची. ग्रीकमध्ये ‘ता माथेमातिका’ हे नपुंसकलिंगी अनेकवचन होतं, ‘माथेमाविषयीच्या गोष्टी’. इंग्रजीत १६व्या शतकात त्याच धर्तीवर शेवटी ‘स’ असलेलं रूप रुळलं; फिजिक्स, एथिक्स याच ठशाचे. क्रियापद मात्र एकवचनी लागतं. फ्रेंचमध्ये आजही अनेकवचन सर्रास वापरतात. ‘बुर्बाकी’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या फ्रेंच गणितींच्या गटाने १९३९पासून निघालेल्या आपल्या ग्रंथमालेच्या नावात मुद्दाम एकवचन ठेवलं, कारण विषय एकसंध आहे हेच त्यांना दाखवायचं होतं. ब्रिटनमध्ये ‘मॅथ्स’ आणि अमेरिकेत ‘मॅथ’ हा फक्त संक्षेप करायच्या सवयीचा फरक आहे. दोन्हींत चूक काही नाही.

प्रश्न : संत ऑगस्टीनने ‘ख्रिस्ती माणसाने गणितज्ञांपासून सावध राहावं, त्यांचा सैतानाशी करार असतो’ असं लिहिलं होतं म्हणे. खरं आहे का?

उत्तर : वाक्य आहे, पण त्यातल्या ‘मॅथेमॅटिकी’चं भाषांतर चुकलं आहे. बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकावरच्या भाष्यात ऑगस्टीनने (इ.स. ३५४ ते ४३०) ज्यांच्यापासून सावध राहायला सांगितलं ते ज्योतिषी होते, भविष्य सांगणारे. रोममध्ये लॅटिन ‘मॅथेमॅटिकस’चा रोजचा अर्थ तोच होता. ग्रहस्थिती काढायची तर आकडेमोड लागते, आणि सामान्य माणसाची गाठ आकडेमोड करणाऱ्या ज्या माणसाशी पडे, तो पत्रिका मांडणारा असे.

ही मंडळी सत्तेला नको असायची, कारण सम्राट कधी मरणार हे विचारायला लोक त्यांच्याकडेच जात. इ.स. ५२ मध्ये मॅथेमॅटिकींना इटलीतून हाकलण्याचा ठराव सिनेटने केला. इतिहासकार टॅसिटसने त्यावर ‘कठोर आणि निष्फळ’ असा दोन शब्दांचा शेरा मारला आहे. सगळ्यांत गमतीचा पुरावा कायद्यात सापडतो. रोमन सम्राट डायोक्लिशनच्या काळातला, इ.स. २९४चा एक आदेश पुढे सम्राट जस्टिनियनच्या कायदेसंहितेत घेतला गेला. त्यात म्हटलं आहे की भूमितीची विद्या शिकणं आणि चालवणं लोकहिताचं आहे. मात्र ‘आर्स मॅथेमॅटिका’ निंद्य आहे आणि तिला बंदी आहे. एकाच आदेशात भूमितीला शाबासकी आणि मॅथेमॅटिकाला बंदी! ‘मॅथेमॅटिका’ म्हणजे गणित असं वाचलं तर हा आदेश वेड्यासारखा वाटतो.

ग्रीक संशयवादी सेक्स्टस एम्पिरिकसच्या ‘मॅथेमॅटिकींच्या विरोधात’ या ग्रंथाच्या बाबतीत वेगळी फसगत होते. त्यात तो व्याकरण, वक्तृत्व, भूमिती, अंकगणित, ज्योतिष आणि संगीत अशा सहा विषयांच्या शिक्षकांचा समाचार घेतो. तिथे शब्द त्याच्या मूळच्या, विस्तृत अर्थाने आला आहे: विषय शिकवणारे.

आपल्याकडेही सरमिसळ होतीच. ‘गणक’ या शब्दाचे कोशात हिशोब करणारा आणि ज्योतिषी असे दोन्ही अर्थ आहेत. ज्योतिषाचे गणित, होरा आणि संहिता असे तीन स्कंध मानले गेले आणि भविष्य सांगण्याचा भाग होरा आणि संहितेकडे गेला; त्यामुळे ‘गणित’ हा शब्द तरी त्या वादातून बराचसा सुटला.

प्रश्न : मग ‘गणित’ हा शब्द किती जुना? पूर्वी या विषयाला दुसरं नाव होतं का?

उत्तर : आधी घडण. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या यादीत, ‘गण संख्याने’ असा दहाव्या गणाचा धातू आहे: गणयति, मोजतो. त्याचं कर्मणि भूतकालवाचक विशेषण ‘गणित’, मोजलेलं. तेच नपुंसकलिंगी नाम म्हणून शास्त्राचं नाव झालं. दहाव्या गणात तड्चं ‘ताडयति’ होतं, मग गण्चं ‘गाणयति’ का नाही, असं व्याकरणवाले विचारतील. हा धातू अकारान्त (‘गण’) धरला आहे, म्हणून त्यातल्या अ-ची वृद्धी होत नाही, म्हणजे अ-चा आ होत नाही.

जुन्या काळी दुसरी नावं होती, आणि काही तर जास्त चालत. छांदोग्य उपनिषदात नारद आपण शिकलेल्या विद्यांची यादी सनत्कुमारांना सांगतो, त्यात ‘राशि’ आहे. शंकराचार्यांनी त्याचा अर्थ ‘गणित’ असा दिला. कौटिल्य म्हणतो, चौलकर्म (जावळ) झालं की राजपुत्राने ‘लिपी आणि संख्यान’ शिकावं. तिथे गणित हा शब्द नाही. जैन ग्रंथांतही ‘संख्यान’ हेच विषयाचं नाव आहे, आणि स्थानांगसूत्रात त्याचे दहा प्रकार मोजले आहेत. त्यांत परिकर्म (बेरीज-वजाबाकीसारख्या क्रिया), व्यवहार (रोजच्या वापराचे हिशोब), राशी यांच्याबरोबर ‘रज्जू’ म्हणजे दोरी आहे, भूमितीसाठी. यज्ञवेदी आखण्याच्या शुल्बसूत्रांतला ‘शुल्ब’ही दोरीच.

‘यथा शिखा मयूराणां’ हा वेदांगज्योतिषातला श्लोक शाळांच्या भिंतींवर लिहिलेला दिसतो: मोरांची शेंडी, नागांचे मणी, तसं वेदांगांच्या मस्तकावर गणित. इथे एक सावधगिरी. शेवटच्या चरणात ‘गणितं मूर्धनि स्थितम्’ आणि ‘ज्योतिषं मूर्धनि स्थितम्’ असे दोन पाठ मिळतात. गणिताच्या शिक्षकांनी आपल्या सोयीचा उचलला, यात वावगं काही नाही. पण या एका ओळीवर ‘गणित’ शब्दाचं वय ठरवू नये.

पक्की जमीन लागते ती इ.स. ४९९मध्ये. आर्यभट सुरुवातीलाच सांगतो की मी तीन गोष्टी मांडणार: गणित, कालक्रिया आणि गोल, आणि दुसऱ्या भागाचं नाव ‘गणितपाद’, त्यात ३३ श्लोक. ब्रह्मगुप्ताच्या ग्रंथात (इ.स. ६२८) बारावा अध्याय गणिताचा आहे, आणि २० परिकर्मं व ८ व्यवहार जाणतो तोच गणक, अशी पात्रता त्याने घालून दिली. तरीही आजचा अर्थ डोळे मिटून लावता येत नाही. भास्कराचार्यांच्या सिद्धांतशिरोमणीत (इ.स. ११५०) आपण ज्याला गणित म्हणतो ते लीलावती आणि बीजगणित या भागांत आहे. ‘गणिताध्याय’ नावाचा भाग उघडला तर तिथे ग्रहांची गणितं निघतात.

आणखी एक. मराठीत ‘तीन गणितं सोडवली’ असं सहज म्हणतो. विषयही गणित आणि त्यातला एक प्रश्नही गणित. मॅथेमॅटिक्सला ही सोय नाही. ‘मतांचं गणित बिघडलं’मधलं गणित तर तिसरंच.

प्रश्न : इतर भाषांत गणिताला काय म्हणतात?

उत्तर : युरोपातल्या बहुतेक भाषांनी ग्रीक शब्दच घेतला. ठळक अपवाद डच भाषेचा: ‘विस्कुंदे’, निश्चित गोष्टींची विद्या. हे नाव सिमोन स्टेविन (१५४८ ते १६२०) याने घडवलेल्या शब्दातून आलं. विज्ञानासाठी डच भाषा लॅटिनपेक्षा सरस आहे अशी त्याची खात्री होती आणि त्याने असे शब्द भराभर पाडले. चिनी ‘शूश्युए’ म्हणजे सरळ संख्याविद्या.

मराठी वाचकाला अरबी नावं जास्त भावतील. ग्रीक माथेमाताचं अरबीत शब्दशः भाषांतर झालं ‘तआलीम’, शिकवण्याचे विषय. १०व्या शतकातल्या अल्-फाराबीने विद्यांच्या वर्गीकरणात हेच नाव वापरलं आणि त्यात संख्या, भूमिती, दृक्शास्त्र, खगोल, संगीत, वजनं आणि यंत्रयुक्त्या असे सात भाग घातले. दुसरं नाव, जे पुढे टिकलं, ते ‘रियाज़ियात’; त्याच्या मुळाशी ‘रियाज़ा’, म्हणजे सराव, कसरत. नाटकाची तालीम आणि गवयाचा रियाज हे मराठीतले रोजचे शब्द त्याच दोन मुळांचे.

प्रश्न : ‘साइन’ हा शब्द ‘ज्या’वरून आला हेही असंच फिरणारं विधान आहे का? आणि ‘कोसाइन’ म्हणजे ‘कोटिज्या’ ना?

उत्तर : पहिलं खरं, दुसरं नाही.

ज्या म्हणजे धनुष्याची दोरी. वर्तुळाचा कंस हे धनुष्य मानलं तर जीवा ही दोरी. आकडेमोडीत पूर्ण जीवेपेक्षा अर्धी सोयीची पडते, म्हणून ‘अर्धज्या’, आणि बोलता बोलता नुसती ‘ज्या’. आर्यभटाने एका श्लोकात २४ ज्यांमधले फरक अक्षरांत बांधले आहेत. पहिला शब्द ‘मखि’: म म्हणजे २५, खि म्हणजे २ गुणिले १००, एकूण २२५. वर्तुळाचा परीघ २१,६०० कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग; ३६० गुणिले ६०) धरला तर त्रिज्या सुमारे ३,४३८ कला येते, आणि ३ अंश ४५ कलांच्या कोनाची ज्या २२५. आधुनिक पद्धतीने ताडायचं तर २२५ला ३,४३८ने भागा: ०.०६५४, साइनच्या कोष्टकातही तेच. ‘त्रिज्या’ या शब्दातला ‘त्रि’ही इथलाच आहे. तीन राशी म्हणजे ९० अंश, आणि ९० अंशांची ज्या म्हणजे वर्तुळाची पूर्ण अर्धव्यासरेषा.

ज्याचा पर्याय ‘जीवा’. अरबीत तो ‘जिबा’ झाला. अरबी लेखनात ऱ्हस्व स्वर लिहीत नाहीत, त्यामुळे कागदावर उरली ज-य-ब ही अक्षरं. अरबीत ‘जिबा’ला दुसरा काही अर्थ नाही, पण त्याच अक्षरांचा ‘जैब’ हा ओळखीचा शब्द आहे: कपड्याची घडी, गळ्यापाशी पडणारा खोलगट भाग. १२व्या शतकात अरबीतून लॅटिनमध्ये भाषांतर करणाऱ्यांनी जैबचा अर्थ लावून ‘सायनस’ लिहिलं, घडी किंवा खोलगट वळण. त्याचं साइन. इथे प्रत्येक टप्प्याचे ग्रंथ हाताशी आहेत आणि चूक नेमकी कुठे झाली हेही दाखवता येतं. ‘मंथन’च्या दाव्यात नेमकं हेच नव्हतं.

कोसाइनमधला ‘को’ मात्र ‘कोटि’चा नाही. इंग्रज गणिती एडमंड गंटरने १६२०मध्ये ‘कॉम्प्लिमेंटी सायनस’, म्हणजे कोटिकोनाची ज्या, याचा संक्षेप ‘को-सायनस’ असा केला. तो ‘को’ लॅटिन ‘कॉम्प्लिमेंट’चा. संकल्पना एकच, अर्थही एकच, आद्याक्षरं जुळली ती योगायोगाने. परीक्षेत लक्षात ठेवायला हे साम्य जरूर वापरा.

प्रश्न : ‘गणिती’ बरोबर की ‘गणितज्ञ’?

उत्तर : दोन्ही. गणितज्ञ म्हणजे गणित जाणणारा. गणिती हे ‘गणितिन्’चं प्रथमेचं रूप, गणित करणारा; मराठीत ते विशेषण म्हणूनही चालतं (‘गणिती रीत’). वाक्यात विशेषण जवळपास असेल आणि घोटाळा होणार असेल तर माणसासाठी ‘गणितज्ञ’ लिहावं, आणि ‘गणितीय’ हे विशेषण गरज पडली तरच वापरावं. ‘गणिततज्ज्ञ’ हाही शब्द शुद्धच आहे, पण छपाईत त्यातला एक ‘त’ हमखास गळतो.